सोमिलेने दिलेला शब्द

पूर्वी वेत्रवती नगरीत दृढधन्वा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या बालरक्षकांचे प्रमुख होते. अनाथ, टाकून दिलेली, घरच्याच माणसांच्या हातून छळली जाणारी मुले शोधायची आणि सांभाळायची, हे या बालरक्षकांचे काम. काम पुण्याचे खरे, पण पुण्याच्या कामात माणूस घाईने जितका घसरतो तितका दुसऱ्या कशात घसरत नाही.

त्यांच्यात सोमिला नावाची एक बाई होती. मनाने लोणी, पण पायाला भिंगरी. एकदा हस्तिदंताच्या बांगड्या करणाऱ्या भद्रिकाच्या अंगणात तिला तरला दिसली. ही त्याच्या मेलेल्या भावाची मुलगी. तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर भाजल्याचे डाग होते. "चुलीशी खेळत होती," काकू म्हणाली. सोमिलेने मान डोलावली, पण तिला ठाऊक होते, की मूल स्वतः तापल्या वस्तूला हात लावते तेव्हा तळवा भाजतो. हाताची पाठ भाजायला बहुधा दुसऱ्याचा हात लागतो.

दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर तरलेशेजारी जाऊन बसली. काही विचारले नाही, नुसती घागरी घासत राहिली. इथवर तिचे सगळे बरोबर होते. मग पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, कुणाला सांगणार नाहीस ना?"

अशा वेळी काय म्हणायचे, हे प्रत्येक बालरक्षकाला पहिल्याच धड्यात शिकवतात: 'बाळ, तेवढे वचन मला देता येणार नाही.' पण सोमिलेचे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांना धडा दिसत नाही. "नाही गं सांगणार. तुझ्या गळ्याची शपथ!" ती म्हणाली.

मग तरलेने सगळे सांगितले. बांगडी तडकली की काका तापलेली सळई टेकवतो. आणि उद्या तो तिला तांड्याबरोबर परमुलखात घेऊन जाणार आहे.

सोमिला घरी आली ती बसेचना. पीठ अर्धे मळून टाकले. भद्रिकाच्या गल्लीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. इकडे आड, तिकडे विहीर. सांगावे तर शपथ मोडते, न सांगावे तर पोर जळते. शेवटी ती धापा टाकत आश्रयगृहात पोहोचली. तिथे बोधिसत्त्व मुलांसाठी कणगीतून धान्य काढत होते. ती कणगी दरवर्षी भद्रिकच भरून देई.

सगळे एका दमात सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आर्य, मी युक्ती काढलीय. शेजारणीनं पाहिलं असं सांगू. पोर सुटेल, आणि मी सांगितलं हे तिला कधी कळणारही नाही."

युक्ती चांगली होती, हेच तिच्यातले वाईट.

बोधिसत्त्वांनी माप खाली ठेवले. "सोमिले, तिच्या घरी रोज काय चालतं? पाहुण्यांपुढे गोड बोलायचं आणि आत चटके द्यायचे. मोठी माणसं बोलतात एक, करतात दुसरं, एवढंच ती शिकलीय. आपणही तेच शिकवायचं?"

"पण मग ती माझं तोंड बघणार नाही!"

"न बघो. शब्द तर मोडायलाच हवा. तिच्या पाठीमागे मोडायचा की तोंडावर, एवढंच तुझ्या हातात आहे."

"आणि ही कणगी?"

"रिकामी झाली तर दारोदार झोळी घेऊन फिरू. चल, उशीर नको."

तरला संध्याकाळचे पाणी भरायला पाणवठ्यावर आली होती. सोमिला तिच्यासमोर बसून म्हणाली, "तरले, तुझी गोष्ट मी यांना सांगितली. राजालाही सांगणार आहोत."

पोरगी रडली नाही. "तूपण तसलीच," एवढेच म्हणाली.

सोमिलेच्या ओठांवर शंभर सबबी आल्या, त्या तिने गिळल्या. "हो. चुकले मी. ती शपथ मी घ्यायलाच नको होती. आता पुढे काय होणार ते ऐक." आणि तिने सांगितले, की आजपासून घरी जायचे नाही, झोपायचे कुठे, विचारणार कोण, आणि काकासमोर उभे राहावे लागू नये म्हणून बोधिसत्त्व राजाशी भांडणार आहेत.

नगरीची रीत अशी, की तक्रार भर चौकात, आरोपीच्या तोंडावर केली तरच खरी. भद्रिक हात जोडून म्हणाला, "पोरीला इथं उभी करा. माझ्याकडे बघून बोलू दे." लोकांनी माना डोलावल्या, कारण भद्रिक दानशूर.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, चटके देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलायला लावणं म्हणजे तिला आणखी एक चटका देणं. तिचं म्हणणं आत, एकटीचं ऐका. वैद्याला हात दाखवा. रीत मोडल्याचा दंड मला करा."

राजाने रीत बाजूला सारली. मग त्याने तरलेला आत नेऊन ऐकले. वैद्याने डागांशेजारी भद्रिकाची सळई धरली, तेव्हा रुंदी तंतोतंत जुळली. भद्रिकाला नगरीबाहेर घालवले. कणगी लवकरच रिकामी झाली आणि बालरक्षक खरोखरच झोळ्या घेऊन फिरले.

तरला आश्रयगृहात राहिली, पण सोमिलेशी बोलेना. सोमिला वाढायला आली की ती पान घेऊन उठे. सोमिलेचा जीव तीळतीळ तुटे. आपण केले ते बरोबर की चूक, हा भुंगा तिचे डोके पोखरत राही.

एके दिवशी एक नवा पोरगा आला. कान सुजलेला, कुणाशी बोलेना, गोठ्यामागे जाऊन बसलेला. सोमिला त्याला शोधत गेली आणि कोपऱ्यावरच थबकली. तरला त्याच्याशेजारी उकिडवी बसली होती.

"त्या मावशीला सांग," ती म्हणत होती. "ती गुपित ठेवत नाही. पण जे करते ते आपल्याला सांगून करते."

सोमिलेला रडू कोसळले.

जेतवनात ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोमिला म्हणजे आजची भिक्षुणी सुवर्चा. तरला म्हणजे तिच्याशी सर्वांत कमी बोलणारी आणि सर्वांत जवळ बसणारी भिक्षुणी मृगलेखा. राजा दृढधन्वा म्हणजे उपासक पूर्णघोष. आणि बालरक्षकांचा प्रमुख मीच होतो. दया पुष्कळांना येते. दयेच्या भरातही लेकराशी खोटे न बोलणे, ही सत्यपारमिता."