एकाच माणसाची प्रजा

खूप खूप पूर्वीची, नकाशे अजून हाताने काढले जात तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी तर ती ऐकावीच, पण मोठ्यांनीही जरा जवळ सरकून बसावं, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

दोन प्रचंड राज्यांच्या मधल्या डोंगरात एक चिमुकलं संस्थान होतं. इतकं चिमुकलं, की नकाशा काढणाऱ्याला त्याचं नाव त्याच्या हद्दीत बसवता येईना. तो बिचारा नाव शेजारच्या राज्यात लिही आणि तिथून एक बाण काढी. उत्तरेला बर्फाचा डोंगर, दक्षिणेला खोल दरी आणि मधे एक उतार. त्या उतारावर एक्केचाळीस घरं, त्यांची जवाची शेतं, सफरचंदांच्या बागा, एक पूल आणि एक तळं. वरच्या हद्दीवर कुणी शिंकलं तर खालच्या हद्दीवरून ‘शतायुषी हो’ ऐकू येई, असं तिथली माणसं सांगत. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच.

राज्यकारभारही बेताचाच होता. एक राजा आणि एक प्रधान. प्रधान सकाळी गाईंचं दूध काढून मगच दरबारात येई. कायदे दोनच होते.

पहिला कायदा पाळीचा. बर्फाच्या डोंगरापासून तळ्यापर्यंत कड्याच्या कडेने कोरलेला एक लांबलचक पाट होता. हिवाळ्यात तो दगडगोट्यांनी भरून जाई. बर्फ वितळायच्या आत तो साफ झाला नाही, तर सगळं पाणी पाटाबाहेर उसळून सरळ दरीत जाई, आणि मग वर्षभर तळं कोरडं. म्हणून दरवर्षी प्रत्येक घराने एक दिवस पाटावर फावडं धरायचं. पहिली पाळी राजवाड्याची असे.

दुसरा कायदा हात वर करण्याचा. वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेला सगळे तळ्याकाठच्या हिरवळीवर जमत. राजा विचारी, “यंदाही मीच राहू का?” प्रजेतल्या निम्म्याहून जास्त हात वर झाले, की राजा आणखी एक वर्ष राजा. आजवर कुणाला नकार मिळाला नव्हता.

पाटाची देखभाल एका बाईकडे होती. तिचा नवरा पाटकरी होता. तो गेल्यावर त्याचं फावडं तिने उचललं. कुणाची पाळी कधी, कुठला दगड आधी काढायचा, हे सगळं तीच ठरवी आणि शिंग फुंकून माणसं बोलवी. तिला सगळे पाटकरीणकाकू म्हणत, राजासुद्धा. पहिलं पाणी तळ्यात पडतानाचा आवाज ऐकला, की काकूंना आपलं वर्ष सार्थकी लागल्यासारखं वाटे. दुसरी काही हौस त्यांना नव्हती.

राजा तरुण होता आणि मनाने फार चांगला. पण कुणी हसलं, की तो लगेच कानकोंडा होई. एकदा तो शेजारच्या मोठ्या राज्यात लग्नाला गेला. पंगतीत एका सरदाराने सहज विचारलं, “आपल्याकडे अधिकारी किती?”

“एक प्रधान आहे,” राजा म्हणाला. “दूध काढून झालं की येतो.”

सगळी पंगत खदखदून हसली. राजाला पुढचा घास गोड लागला नाही.

परत आल्याबरोबर त्याने पाच अधिकारी नेमले. पितळी बटणांचे लांब निळे कोट शिवून घेतले. पण एवढ्याशा जागेत पाचांवर थांबायचं कसं? तिथे प्रत्येक जण कुणाचा तरी मेहुणा, नाहीतर साडू. एकाला पद दिलं, की शेजारच्याचं तोंड वाकडं. एका जावेला कोट मिळाला, की दुसरी अबोला धरी. शेवटी राजाने एक एक करत सगळ्यांनाच नेमलं. पूल एकच होता, त्याला दोन पूलाधिकारी झाले, अलीकडचा आणि पलीकडचा. गिरणीवाला आरमारप्रमुख झाला. समुद्र तिथून महिनाभराच्या वाटेवर होता, पण कोट त्याला छान दिसत होता. हिवाळा होता, कामं नव्हती, त्यामुळे सगळे खूश होते. हिवाळा सरता सरता कोटाविना एकच माणूस राहिलं, त्या पाटकरीणकाकू.

प्रधान स्वतः त्यांच्या दारी कोट घेऊन आला.

“मला नको रे बाबा,” काकू म्हणाल्या. “हा घालून पाटात उतरले तर कोट भिजेल, आणि काढून उतरले तर अधिकार काठावर राहील.”

प्रधानाने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. “बरंच झालं की! एवढे अधिकारी झाले, पण हुकूम द्यायचे कुणाला, हा पेच होताच. काकू, तुम्ही प्रजा व्हा.”

काकूंना त्याची गंमत वाटली आणि त्या हसल्या. तेव्हा हसण्याऐवजी दोन शब्द सुनवायला हवे होते, असं त्यांना पुढे फार वाटलं.

कारण दुसऱ्या दिवसापासून साऱ्या सरकारचा डोळा त्यांच्या एकटीवर. जनगणनाधिकारी दोन मदतनीस घेऊन आला. त्याने काकूंना दारात उभं केलं, नीट पाहिलं आणि वहीत लिहिलं, एक.

“पुन्हा एकदा मोज,” काकू म्हणाल्या. “घाईत चुकायला नको.”

त्याने खरंच पुन्हा मोजलं. मग धुराधिकारी त्यांची चूल बघून गेला. कुंपणाधिकाऱ्याने कुंपण मापलं. संध्याकाळी शांतताधिकारी येऊन विचारी, “प्रजेत काही गडबड?” काकू म्हणत, “तू दार वाजवेपर्यंत नव्हती.”

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. मग पाळीचे दिवस आले. काकूंनी चौकात उभं राहून शिंग फुंकलं. खिडक्या उघडल्या, पण दार एकही उघडलं नाही. त्यांनी पुन्हा फुंकलं. तेव्हा आरमारप्रमुख कोटाची बटणं लावत बाहेर आला.

“काकू, आता कसं जमणार? अधिकाऱ्याने फावडं धरलं तर पदाची शोभा काय राहिली?”

“अरे, पाणी तुझ्या पदाला विचारून वितळणार आहे का?”

“मी वर कळवतो,” तो म्हणाला. त्याने खरोखरच कळवलं. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हाती शिक्कामोर्तब केलेला कागद पडला. त्यात लिहिलं होतं, ‘प्रजेने पाट साफ करावा.’ खाली राजाची सही होती. रोज इतके कागद येत, की तो न वाचताच सही करी.

काकू एकट्याच पाटावर गेल्या. एक्केचाळीस घरांचं काम, आणि हात दोन. एकवीस दिवस त्यांनी दगड उपसले. रोज वर पाहावं तर बर्फ होता, पुढे पाहावं तर दगड होते. दहाव्या दिवशी डावा खांदा धरला, अठराव्या दिवशी उजवा. दरीपलीकडच्या मोठ्या राज्यात त्यांची बहीण राहत होती. ‘ये इकडे, दोघी सुखाने राहू,’ असा तिचा कधीचा निरोप होता. एका दुपारी काकू दगडावर बसून मनसोक्त रडल्या. लोकांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मग उठून त्यांनी पुन्हा फावडं उचललं. पाट अर्ध्यावर टाकून जायला मन घेईना.

पौर्णिमा उजाडली. हिरवळीच्या एका बाजूला हुद्द्याप्रमाणे खुर्च्या मांडल्या होत्या. कोण कुणाच्या पुढे बसणार हे ठरण्यातच अर्धा दिवस गेला. समोर प्रजेच्या बाजूला काकू एकट्या उभ्या होत्या, चिखलाने माखलेल्या. राजा पुढे आला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, “यंदाही मीच राहू का?”

हात वर झाला नाही.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. राजाचा चेहरा उतरला.

“काकू, माझ्यावर रागावलात?”

“रागावले तर आहेच. पण नकार देत नाही मी. तुम्हीच राहावं असं मला मनापासून वाटतं, महाराज. एकटीने एकवीस दिवस दगड काढले. आता हातच वर होत नाही. हे बघा.” त्यांनी ओठ आवळून हात उचलायचा प्रयत्न केला. तो कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

कायदाधिकाऱ्याने लगबगीने पुस्तक उघडलं. “तोंडी होकार चालत नाही. हातच वर व्हावा लागतो.”

“आमचे हात मोजा की!” खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं.

“ते सरकारचे हात. प्रजेचे नव्हेत,” कायदाधिकारी ठामपणे म्हणाला. मग आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने पुस्तक हळूच मिटलं.

राजा काकूंच्या हातांकडे बघत होता. तळवे सोलून निघाले होते. “एकटीने का?” त्याने विचारलं. “बाकी सगळे कुठे होते?”

“कोटात,” काकू म्हणाल्या. “आणि मला एकटीला पाठवणाऱ्या कागदावर सही तुमची आहे.”

राजा शरमेने लाल झाला. मोठ्या राज्यातल्या पंगतीत वाटली होती ती लाज याच्यापुढे काहीच नव्हती. “पाट किती झालाय?”

“चौथा हिस्सा. आणि वरचा बर्फ आज सकाळपासून ठिबकायला लागलाय.”

सगळ्यांनी वर पाहिलं. डोंगर उन्हात चकाकत होता. त्या क्षणी प्रत्येक जण आपलं शेत, आपली बाग, आपल्या गोठ्यातलं जनावर आठवून मनातून चरकला.

“म्हणजे या घडीला मी राजा नाही,” राजा सावकाश म्हणाला. “मग मी प्रजा झालो. काकू, पाळी कुणाची?”

“राजवाड्याची. एकवीस दिवसांपूर्वी होती.”

राजाने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तो डोंगराच्या वाटेला लागला. लोक एकमेकांकडे बघू लागले. राजाच नाही म्हटल्यावर त्याने दिलेली पदं तरी कुठली, हे पहिल्यांदा आरमारप्रमुखाच्या डोक्यात आलं. “चला, सुटलो,” तो म्हणाला, “या कॉलरने मान सोलवटली होती.” मग बटणं तोडत, बाह्या उलट्या करत सगळे निघाले. बायका निघाल्या, म्हातारे निघाले, प्रधान तर सर्वांच्या पुढे.

त्यांनी काकूंना फावड्याला हात लावू दिला नाही. काकू एका खडकावर बसल्या. खांदे गेले होते, पण जिभेला काही झालं नव्हतं. “अरे तो नाही, त्याच्या खालचा आधी! पूलाधिकारी, दगड अलीकडचा असो की पलीकडचा, उचला!” कितीतरी दिवसांनी पाटावर हसण्याचा आवाज ऐकू आला आणि काकूंचं मन भरून आलं.

दोन दिवस सगळी घरं राबली. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. शेवटचा तुकडा अजून मोकळा व्हायचा होता. लोकांच्या डोळ्यांदेखत कितीतरी पाणी काठावरून दरीत कोसळलं. ते अडवायला हात पुरले नाहीत. तासाभराने वाट मोकळी झाली आणि उरलेलं पाणी तळ्यात पडू लागलं. तिथेच, गुडघाभर चिखलात, राजाने पुन्हा आपला प्रश्न विचारला. या वेळी बाकी सगळ्या घरांचे हात वर झाले. काकूंनी हात उचलला नाही, नुसती मान हलवली, आणि कायदाधिकाऱ्याने तोही हातच मोजला.

त्या वर्षी तळं अर्धंच भरलं. बागा वाचल्या, पण जवाची शेतं वाळली, आणि पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. राजवाड्यातही अर्धीच. उतार सोडून मात्र एकही घर गेलं नाही. आणि संस्थानात तिसरा कायदा झाला, ज्याने यंदा पाळी केली नाही, त्याला यंदा पद नाही. वर्षभर पाणी भरायला जाणाऱ्या प्रत्येकाला तळ्याच्या काठावर कोरड्या राहिलेल्या दगडांचा पट्टा दिसे, आणि त्याचं कारण कुणाला विचारावं लागत नसे.

तात्पर्य: हुकूम देणारे कितीही वाढले तरी राज्य चालतं ते राबणाऱ्या हातांवर, म्हणून पद कितीही मोठं असो, आपली पाळी चुकवू नये.