परवानाच नाही असं धरू

शाल्मली दातारने अंध वाचकांना मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिस्प या संगणकभाषेत लिहिला आणि खुल्या परवान्याखाली सर्वांना दिला. अट एकच होती: त्यात बदल करून पुढे देणाऱ्याने आपलाही कोड खुला करायचा.

एका बड्या कंपनीने तो उचलला, जरासा बदलला आणि कोड दडवून विकायला काढला. शाल्मलीने जाब विचारताच मालक खासनिसांनी तिला बोलावून घेतलं. शेजारी त्यांचे वकील बसले होते. तिच्या मनात आलं, हे कोर्टात गेले तर आपला निभाव कसा लागणार?

"बाई, तुमचा परवाना आम्ही मुळीच मानत नाही," खासनीस म्हणाले.

"नक्की?" तिने विचारलं.

"शंभर टक्के!"

"बरं, मग परवानाच नाही असं धरू. पण साहेब, प्रोग्रॅम माझा आहे. तो वापरायची मुभा तुम्हाला त्या परवान्यानेच दिली होती. मग आता तुम्ही तो विकताय कुठल्या हक्काने?"

खासनिसांनी वकिलांकडे पाहिलं. वकील खाली मान घालून हळूच म्हणाले, "साहेब, परवाना मानलेलाच बरा."

पुढच्याच आठवड्यात कंपनीचा कोड सर्वांसाठी खुला झाला.