खूर वाजवणारा काठ

त्या माळावर लांडगे होते, म्हणून पळणं शिकवणारं विद्यापीठही होतं. भिंगरी नावाची पोक्त हरणी तिथे धावण्याचं शास्त्र शिकवी. रीत जुनी होती. पळून आलं की एकाने दुसऱ्याच्या बरगडीला कान लावायचा, श्वास कुठे अडखळतो ते ऐकायचं आणि तोंडावर सांगायचं.

भिंगरीच्या मेलेल्या बहिणीची लेक, चांदवी, त्याच वर्गात होती. तिचा मागचा उजवा खूर वाकडा पडे. सांगून सांगून भिंगरीचा घसा बसला, पण पोरीला पटेल तर शपथ! असंच राहिलं तर थंडीत लांडगे हिलाच गाठतील, या धास्तीने मावशीला चारा गोड लागेना.

माळाच्या कडेला एक नवलाचं तळं होतं. त्यात पडलेलं प्रतिबिंब पुसलं जात नसे. पोरांना आपली धाव आपल्याच डोळ्यांनी दिसेल म्हणून भिंगरीने वर्ग तिथे नेला. आणि खरंच, चांदवीने आपला खूर पाहिला, सुधारला. भिंगरीला कोण आनंद झाला!

पण तळ्याला एक खोड होती. ज्या चित्राला दाद म्हणून काठावर जास्त खूर वाजत, ते वर तरंगे. बाकीची गाळात जात. सरळ, शहाण्या धावेसाठी कोण खूर वाजवणार? हां हां म्हणता सगळा वर्ग उंच उड्या मारू लागला. बरगडीला कान लावायला कुणाला सवड उरली नाही.

"मावशी, बघ की, किती खूर वाजले!" चांदवी म्हणाली.

"वाजले गं बाई. पण उड्या मारून मारून तू लंगडतेयस. ये, श्वास ऐकू दे."

"काहीतरीच तुझं! तळ्यात कुठे लंगडतेय मी?"

तळ्याची वाट भिंगरीनेच दाखवली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

थंडीत लांडगे आले. कळप सुटला. तळ्याकाठी चांदवीने सवयीने उंच उडी घेतली, आणि खाली येताना तिच्या पायाची शीर तुटली. एक लांडगा तिचं नरडं फोडून दुसऱ्या हरणांच्या मागे गेला.

लांडगे पांगल्यावर भिंगरी माघारी आली. वाकली आणि तिने पोरीच्या बरगडीला कान लावला. आत काहीतरी अजून हलत होतं.

तळ्यात तिचं ते वाकलेलं चित्र उमटलं. पलीकडच्या काठावर वाचलेला कळप थबकला, टक लावून पाहू लागला. मग एक खूर वाजला, दुसरा वाजला, सगळेच वाजू लागले. त्या गलक्यात भिंगरीला काहीच ऐकू येईना.