नागूने चीवर दिलं त्याची गोष्ट

वर डोंगरात लेणी, खाली गाव, आणि त्या गावात एक भोळा कोष्टी होता. नाव नागू. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हणालं, तर पुन्हा कुणीतरी 'चल' म्हणेपर्यंत हा तिथेच उभा. हात मात्र कसबी होते. त्याने विणलेलं कापड पाहून परगावचे व्यापारी मान डोलवायचे. घरातलं डोक्याचं काम त्याची बायको हौसा बघायची. दोघांचंही तीच बघायची, त्यामुळे बिचारी दमायची.

लेण्यांत भिक्खू राहत. पावसाळाभर ते कुठेच जायचे नाहीत, एका जागी राहायचे. त्याला वर्षावास म्हणत. वर्षावास संपला की गावाने त्यांना नवं चीवर, म्हणजे अंगावर घ्यायचं काषाय वस्त्र, द्यायचं. त्याचीही एक रीत होती. कापड त्याच दिवशी कापायचं, त्याच दिवशी शिवायचं, रंगवायचं, वाळवायचं आणि दिवस मावळायच्या आत भिक्खूंच्या संघापुढे ठेवायचं. दिवस मावळला की संपलं. मग थेट पुढचं वर्ष.

यंदा हा मान नागूच्या घराला मिळाला होता. थोरल्या भंत्यांचं जुनं चीवर इतकं विरलं होतं, की त्यातून पलीकडची झाडं दिसायची. आणि थंडी तर तोंडावर आलेली. या थंडीत भंत्यांच्या अंगावर आपल्याच मागावरचं कापड असलं पाहिजे, असं हौसाने मनावर घेतलं होतं.

"अवं, येवढं एक काम धड होऊ द्या," ती नागूला म्हणाली. "मग जलमभर काय घोळ घालायचा त्यो घाला."

आधी भंत्यांना जेवायला बोलवायचं ठरलं. नागू डोंगर चढून गेला.

"भंते, उद्या आमच्याकडं जेवायला या."

थोरले भंते मंद हसले आणि गप्प राहिले. नागूही गप्प राहिला. बराच वेळ दोघे एकमेकांकडे बघत गप्प बसले. मग नागू घरी आला.

"काय म्हनले?" हौसाने विचारलं.

"नको म्हनले," नागू म्हणाला. ज्याला यायचं असतं तो 'येतो' म्हणतो, एवढं त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भंते दारात हजर. चूल थंडगार. भिक्खू मध्यान्ह टळल्यावर जेवत नाहीत. हौसाने पीठ मळलं, जाळ केला, पहिली भाकरी तव्यावर टाकली, आणि ऊन डोक्यावरून कललं. भंते पाणी पिऊन उठले.

"अरे नागू," ते जाता जाता म्हणाले, "आम्ही आमंत्रण घेताना बोलत नाही. मौन म्हणजे होकार."

"ह्ये आदी सांगायचं की, भंते!"

नागूने मनाशी पक्की गाठ मारली. जो गप्प, तो हो म्हणाला.

पुढे सुताचं ओझं आणायचं होतं. हौसाने सांगितलं, "मल्हारीला इचारा आनि त्याचा बैल घिऊन या." नागू गेला. मल्हारी घरी नव्हता. बैल होता. मग नागूने बैलालाच विचारलं.

"येतोस का रं?"

बैल रवंथ करत राहिला.

"बग हां, मागनं म्हनशील, इचारलं न्हाई."

बैल गप्प. नागूने दावं सोडलं. संध्याकाळपर्यंत मल्हारी 'चोर, चोर' करत सगळं गाव पालथं घालून आला, आणि नागूच्या दारात बैल बघून त्याने नागूलाच धरून लेण्यांत नेलं.

थोरल्या भंत्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसू आवरायला त्यांना जरा वेळ लागला.

"अरे, बैलाचं मौन वेगळं, संघाचं मौन वेगळं. संघ जमतो, एकजण प्रश्न मांडतो. ज्यांना मान्य असेल ते गप्प राहतात, ज्याला नसेल तो बोलतो. बैलाला हे लागू नाही. आणि दुसरं ऐक. जे दिलेलं नाही, ते घ्यायचं नाही. आम्ही तर कुणी हातात ठेवल्याशिवाय घाससुद्धा घेत नाही."

"समजलं," नागू म्हणाला. आणि समजलंच होतं त्याला. तीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी हौसा शिंक्यातून भाकरी काढून त्याच्यापुढे ठेवून सूत गुंडाळायला गेली. संध्याकाळी परतली तर नागू भुकेने कासावीस होऊन बसलेला, आणि मांजर ओठ चाटत असलेलं.

"जेवला न्हाईत?"

"हातात कुटं दिलीस? पुढ्यात ठिवलीस."

"आनि मांजरानं खाल्ली ती?"

"त्याला म्या लई समजावलं," नागू म्हणाला. "पर त्याला धम्म म्हाईत न्हाई."

हौसाने कपाळावर हात मारला आणि भाकरी त्याच्या हातावर आपटली.

शेवटी चीवराचा दिवस उजाडला. अख्खं गाव नागूच्या अंगणात लोटलं. नागूने विणलेलं कापड हौसाने पसरलं. पांढरंशुभ्र, मऊ, कुठे गाठ नाही की झिरी नाही. लोक बघतच राहिले. एवढ्यात थोरल्या भंत्यांनी कातर मागवली आणि कापडाचे सरळ तुकडे करायला लावले.

"आगा बाबौ!" नागू ओरडला. "चांगलं कापड फाडताय व्हय, भंते?"

"नागू, अखंड कापडावर सगळ्यांचा डोळा. चोराचा, विकणाऱ्याचा आणि अंगावर घेणाऱ्याचाही. मोह पडतो. तुकडे केले की मोह तुटतो. मग तेच तुकडे जोडून, भाताच्या खाचरांसारखं, बांध घालून शिवायचं."

मोह पडला की तुकडे करायचे. नागूने हेही लक्षात ठेवलं. कोष्टीच तो, कातर कायम त्याच्या कंबरेलाच असायची.

बायकांनी भराभर शिवलं. सालीच्या उकळत्या पाण्यात चीवर रंगवलं. नदीकाठच्या झुडपावर वाळत घातलं आणि राखणीला नागूला बसवलं. दुसरं कुणी मोकळंच नव्हतं. वारा सुटला. चीवर झुडपावरून सुटलं आणि नागूच्या नाकासमोरून तरंगत पाण्याकडे निघालं. नागूने आदराने बाजू दिली.

"धरा! अवं, धरा की त्ये!" हौसा लांबून किंचाळली.

"कुनी हातात दिलं न्हाई!" नागूने ओरडून उत्तर दिलं.

हौसाने कंबरभर पाण्यात उडी घेतली आणि वरच्यावर चीवर झेललं. जेमतेम एक कोपरा भिजला. ती निथळत काठावर आली. नागूचे दोन्ही हात पुढे ओढले आणि त्यांत चीवर ठेवलं.

"ह्ये घ्या. हातात दिलं. दिलं का? दिलं! मी लुगडं बदलून फुलं घिऊन फुडं जाते. कोपरा वाळला की वर या. आनि सोताचं डोस्कं चालवू नगा. भंत्यांनी शिकवलंय तेवढंच करा."

"तेवढंच करीन," नागू म्हणाला, आणि या गोष्टीत त्याने एकदाही शब्द मोडलेला नाही.

कोपरा वाळला. नागू निघाला. वाटेत कुंभारीण भेटली. "या बया, काय रंग चढलाय!" ती म्हणाली. पुढे मल्हारी भेटला. त्याने बैल थांबवून चीवराला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "नागू, आसलं एक मला मिळालं तर जलम सार्थकी लागंल." एक वाटसरू तर नुसता बघत मागेमागे चालू लागला. नागूला घाम फुटला. सगळ्यांचा डोळा यावर! त्याने स्वतः चीवराकडे पाहिलं. मावळतीच्या उन्हात ते असं उजळलं होतं, की त्यालाही वाटलं, घरीच ठेवावं. झालं! म्हणजे मोह त्यालाही पडला.

वाटेत पिंपळ होता. पिंपळाखाली बसलं की शहाणपण सुचतं, असं त्याने लेण्यांत ऐकलं होतं. तो बसला. आणि सुचलं.

त्याने कंबरेची कातर काढली. बांधाबांधाने चीवर कापलं. तुकडे बघितले. तुकडेही सुंदरच दिसत होते. मग त्यांचे आणखी तुकडे केले. तुकडा लहान, तसा मोह लहान. तळहाताएवढे झाले तेव्हा कुठे मागचा वाटसरू हाय खाऊन निघून गेला. नागूला फार बरं वाटलं. सगळे तुकडे उपरण्यात बांधले आणि तो डोंगर चढला.

लेण्यात संघ ओळीने बसला होता. समोर गाव. हौसा सगळ्यांत पुढे, कोरडं लुगडं नेसून, फुलांची परडी घेऊन. सूर्य डोंगराला टेकला होता. गाठोडं दिसलं तसा तिचा जीव भांड्यात पडला. तिला रडूच आलं. वेळेवर पोहोचलं होतं. एकदाचं, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्या नवऱ्याकडून एक काम धड झालं होतं.

नागूने गाठोडं संघापुढे ठेवलं. एक भिक्खू उभे राहिले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "हे चीवर थोरल्या भंत्यांना द्यावं, असं ठरत आहे. ज्यांना मान्य आहे, त्यांनी मौन राहावं. ज्यांना मान्य नाही, त्यांनी बोलावं."

नागूने गाठ सोडली.

वाऱ्याची झुळूक आली. तुकडे लेणंभर उडाले. एक थोरल्या भंत्यांच्या डोक्यावर बसला, एक मल्हारीच्या उघड्या तोंडावर.

कुणीच काही बोललं नाही.

नागू थांबला. रीत त्याला ठाऊक होती. त्याने एकेकाकडे नीट पाहिलं. भिक्खू गप्प. थोरले भंते गप्प. गाव गप्प. शेवटी त्याने भीतभीत हौसाकडे पाहिलं, कारण लग्न झाल्यापासून ती बोलायची राहिली असं कधी झालंच नव्हतं. हौसाच्या हातातून परडी गळून पडली होती. तोंड उघडं होतं. शब्द नव्हता.

नागूचा आनंद पोटात मावेना.

"साधू! साधू! साधू!" दान मान्य झालं की लेण्यांत म्हणायचे तशी त्याने हात जोडून आरोळी ठोकली. मग हौसाजवळ सरकून हळूच म्हणाला, "बगितलंस? येका मानसाची हरकत न्हाई. आनि तुजीसुदिक न्हाई!"