खारवलीच्या अध्यक्षांचे पोहरे

खारवलीला गेलं की दोन गोष्टी पाहायच्या : नवं देऊळ आणि नगराध्यक्षांचं संग्रहालय. देऊळ म्हणजे चर्च. तिथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी ते अजून नवंच. पुढ्यात एवढी ऐसपैस जागा असताना ते अंग चोरून एका कडेला उभं आहे, आणि ऐन मोक्याची जागा एका विहिरीनं अडवली आहे.

शर्मिष्ठा भागवत साताऱ्याहून फिरायला आली होती, आणि प्रश्न विचारल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. संग्रहालयात तसबिरी, मानपत्रं, पगड्या असतील असं तिला वाटलं होतं. भिंतीवर ओळीनं टांगले होते नुसते पोहरे, प्रत्येकाखाली एकेका अध्यक्षाचं नाव.

"काका, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. तुमच्याकडे आड बाहेर आणि पोहरे भिंतीवर?"

संग्रहालय सांभाळणारे इनासकाका हसले. "मग आडापासूनच ऐका, ताई," म्हणत ते तिला विहिरीवर घेऊन गेले.

असं सांगतात, की पूर्वी खारवलीत गोड पाण्याचा थेंब नव्हता. होत्या त्या विहिरी मचूळ. पाणी खाडीपलीकडून होडीनं यायचं. मोनमाय नावाच्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा पेद्रू असंच पाणी आणताना भरतीत बुडाला. त्याच वर्षी जुनं देऊळ वादळात पडलं. मोनमायनं घरासकट आपली वाडी नव्या देवळाला दिली आणि नवस केला, की पेद्रूचा पाळणा जिथे हलला त्याच जागी वेदी उभी राहील.

त्या जागी पाया खणायला घेतला, तर कुदळीखाली गोड पाणी लागलं. सगळं गाव धावलं. पण म्हातारीला नवस मोड म्हणून सांगणार कोण? पहिले नगराध्यक्ष दामोदर चुरी यांना कायद्यानं जागा घेता आली असती. ते मात्र तिच्यासमोर मातीत बसून राहिले. मोनमायला म्हणे देवाचाच राग आला. पाणी घराखाली होतं आणि पोर त्यासाठी खाडीत गेलं!

"देऊळ सरकवा," ती शेवटी म्हणाली. "पण अध्यक्षा, सगळे प्यायल्याबिगर तू प्यायचं नाय."

चुरींनी शब्द दिला. स्वतः पोहरा ओढून गावाला पाणी पाजलं. मोनमाय तेवढी तोंड फिरवून बसली. पेद्रूला मिळालं नाही ते तिच्या घशाखाली उतरेना. ती प्याली नाही, म्हणून अध्यक्षही प्याले नाहीत. त्यांचं पद गेलं, केस पिकले, तरी ते मचूळ पाण्यावरच राहिले. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

मोनमायला हे कळलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. तिनं चुरींना बोलावून घेतलं. "मेल्या, सांगायचं नायस?" म्हणून रागावली, रडली आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. अर्धा ती प्याली, उरलेला त्यांच्या हातात दिला.

"आणि भिंतीवरचे पोहरे?" शर्मिष्ठेनं विचारलं.

आजही खारवलीचा नवा अध्यक्ष खुर्चीत बसण्याआधी इथे आपल्या पोहऱ्यानं पाणी ओढतो; तोच पोहरा मग भिंतीवर जातो. सगळ्यांचं पिऊन झालं, की स्वतः पिण्यापूर्वी तो खाडीकडे तोंड करून हाक मारतो, "कुणी राहिलं का रे?" आणि सगळं गाव उत्तरासाठी गप्प उभं राहतं.