चूलमायेच्या विस्तवाची कहाणी

ऐका चूलमाय, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर. नगराच्या कडेला तुळाजी बुरूड राही, त्याची बायको सुगंधा राही. तो बांबू चिरी, ती सुपं विणी. त्यांना एकच लेक, मैना. मोठी बडबडी पोर.

पुढं काय झालं? नवराबायकोचं बिनसलं. आज मिठावरून, उद्या माहेरावरून, परवा कशावरून ते त्यांनाही आठवेना. मग वेगळं व्हायचं म्हणून दोघं राजाच्या दरबारी गेली. राजा म्हणाला, "उन्हाळ्यात या." उन्हाळ्यात गेली. "पावसाळा सरल्यावर या." तेव्हा गेली. "थंडीत या." तोवर दोघांनी दोन शास्त्री धरले. एकानं तुळाजीला शिकवलं, बायको चोरटी आहे म्हण. दुसऱ्यानं सुगंधेला शिकवलं, नवरा दारुडा आहे म्हण. खोटं होतं, तरी दोघांनी म्हटलं. मग राजानं मैनेला पुढं घेतलं. "पोरी, खरं कोण, खोटं कोण?" पोरीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. तिची वाचाच बसली.

वैदू झाले, देवऋषी झाले, अंगारे झाले. पोर बोलेना. सुगंधा विझल्या चुलीपाशी रडत बसली. तोच दारात एक म्हातारी आली. हातात खापर. "बाई, विस्तव दे."

"आजी, कुठून देऊ? या घरात चूलच पेटत नाही."

"मग माझा वसा घे."

"वसा कसला?"

"दरबाराची पायरी सोडावी. सोमवारी चूल सारवावी. दोघांनी तिच्या दोन अंगांना बसावं. शास्त्र्यांनाही बसवावं, पण वाटणीपुरतं विचारावं. तू त्याचं गाऱ्हाणं सांगावंस, त्यानं तुझं. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं 'बरोबर' म्हणेपर्यंत पुढं जाऊ नये. वसा अर्ध्यावर टाकू नये."

सुगंधा बांबूच्या बेटात तुळाजीकडे गेली. "पोरीसाठी या," म्हणाली. तो आला.

पहिल्या सोमवारी दोघांनी आपापलंच सांगितलं. चूल पेटली नाही. दुसऱ्या सोमवारी सुगंधा म्हणाली, "तुम्ही दारूला कधी शिवला नाहीत. राबून यायचात, मी पाठ फिरवायची." तुळाजी म्हणाला, "बरोबर." चुलीतून धूर आला. तिसऱ्या सोमवारी तुळाजी म्हणाला, "तू चोरटी नव्हेस. तुझा भाऊ वारला, तेव्हा मी बाजाराला निघून गेलो. तू एकटी रडलीस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

तिनं चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाली, "बरोबर." चूल पेटली.

आता तुम्हाला वाटेल, दोघं एक झाली. नाही झाली. मन विटलं होतं ते विटलंच. पण वाटणी झाली. घर तिला, बांबूचं बेट त्याला, लेक दोघांची. तुळाजीनं बेटापाशी खोप बांधली. वेगळी चूल मांडायची तर जुन्या चुलीतला विस्तव न्यावा, अशी तिथली रीत. सुगंधा स्वतः खापरात निखारे घेऊन गेली. मैना मागोमाग गेली. तुळाजीनं चूल पेटवली, भाकरी थापली, तव्यावर टाकली. मैना बघत बसली. मग म्हणाली, "आबा, भाकरी करपली."

तुळाजीनं ऐकलं. दारात सुगंधेनं ऐकलं. दोघांचे डोळे भरून आले. करपली भाकरी तिघांनी वाटून खाल्ली. मग सुगंधा आपल्या घरी गेली.

जशी चूलमाय त्यांना पावली, तशी तुम्हा-आम्हा पावो. नांदायचं त्यांना नांदवो, वेगळं व्हायचं त्यांना विस्तव देऊन वेगळं करो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरी सांगून सुफळ झाली.