तीस वर्षांचे पाहुणे

पूर्वी अश्मक देशातल्या खदिरावती नगरात भद्रबल नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा मुद्राधिकारी अमात्य होता. त्याचे नाव सुचेत. त्याच्या हातची मुद्रा उठल्याशिवाय राजाची कोणतीही आज्ञा अमलात येत नसे. तो विद्वान होता, मृदू बोलत असे आणि नगरात त्याच्याविषयी वाईट बोलणारे कोणी नव्हते. ही कथा त्याच्या लाजेची आहे.

खदिरावती खडकाळ पठारावर वसलेली होती. तिथे कुठेही विहीर खणली तरी खारे पाणी लागे. गोड्या पाण्यासाठी बायका दोन कोस चालून नदीवर जात. भद्रबलाच्या वडिलांच्या कारकिर्दीत पश्चिमेकडच्या वाळूच्या देशातून चाळीस कुटुंबे वेशीपाशी येऊन थांबली. त्यांच्या देशात युद्ध पेटले होते आणि परत जाण्यासारखे काही उरले नव्हते. राजाने त्यांना उत्तरेकडच्या खैराच्या रानात राहू दिले.

डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली गोडे पाणी आहे, हे त्या लोकांनी तिथल्या झाडांवरून ओळखले. तिथपासून नगरापर्यंत त्यांनी जमिनीच्या पोटातून बोगदा खणला. दर पन्नास हातांवर एक उभा झरोका ठेवला. त्यातून खाली उतरता येई, माती वर काढता येई आणि आत हवा खेळत राही. बोगद्याचा उतार इतका बेताचा होता की तळाशी लिंबू ठेवले तर जागचे हलू नये, पण पाणी मात्र चालत राहावे. सात वर्षे काम चालले. दरड कोसळून नऊ माणसे आतच राहिली. आठव्या वर्षी नगराच्या चौकातल्या कुंडात पाणी आले. मोट नाही, बैल नाही, दोर नाही. हात पुढे केला की ओंजळ भरत होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांच्या बायकांनी मांडवांवर द्राक्षे चढवली. त्यांच्या कुंभारांनी निळ्या चकाकीची भांडी घडवली. दूरच्या बाजारात ती भांडी खदिरावतीची म्हणून ओळखली जात. ज्यांनी ती घडवली त्यांना मात्र खदिरावतीचे कोणी म्हणत नव्हते.

याला कारण नगराची एक रीत होती. खदिरावतीत पाहुण्याचा मोठा मान असे. पंगतीत त्याचे पान पहिले मांडायचे, त्याला पहिले वाढायचे, त्याला कशालाही हात लावू द्यायचा नाही आणि जेवण झाले की विडा देऊन दारापर्यंत पोचवायचे. वाळूच्या देशाच्या लोकांना तीस वर्षे हाच मान मिळाला. पाहुणा जमीन घेत नाही, म्हणून त्यांच्या नावे जमीन नव्हती. पाहुणा घरच्या गोष्टींत बोलत नाही, म्हणून सभेत त्यांना जागा नव्हती. पाहुण्याला शेवटी आपल्या गावी जायचे असते, म्हणून त्यांना आपले मृत सीमेबाहेर नेऊन पुरावे लागत. इथे जन्मलेली, इथलीच भाषा बोलणारी त्यांची मुले मोठी झाली, त्यांनाही मुले झाली, आणि तीही पाहुणीच राहिली. नगरातल्या लोकांना आपल्या आतिथ्याचा अभिमान वाटे. बोधिसत्त्वालाही वाटत असे.

बोगद्याची देखभाल नाहीदा नावाची वृद्धा पाहत असे. तिचा नवरा त्या नऊ जणांपैकी एक होता. नगराचा श्रेष्ठी वृषक दर उत्सवाला तिला हसत विचारी, "काय नाहीदाआई, गावी कधी निघायचं?"

"निघालेच होते शेठ," ती म्हणे, "पण तुमच्या बोगद्यात गाळ बसला."

"आणि गाळ काढून झाला की?"

"तुम्ही पाणी पिणं सोडलंत की लगेच निघते."

लोक हसत. तीही हसे. त्या प्रश्नात थट्टा किती आणि प्रश्न किती, याचा विचार कोणी केला नाही.

पुढे लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी पडला आणि धान्याची टंचाई झाली. सभेत वृषक उभा राहिला. "महाराज," तो म्हणाला, "तीस वर्षे पाहुणचार झाला. कुठल्याही घरी पाहुणा इतका राहत नाही. आपल्याच मुलांना घास कमी पडतो आहे. आता त्यांना विडा द्यावा."

सभेने माना डोलावल्या. टंचाईने चिडलेल्या राजाने बोधिसत्त्वाकडे पाहिले. "अमात्य, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

बोधिसत्त्वाला सांगण्यासारखे पुष्कळ होते. सकाळी तो ज्या पाण्याने तोंड धुऊन आला होता, ते पाणी कोणी आणले हे त्याला माहीत होते. पण त्याच्या मनात आले, की राजा आज रागात आहे, चार दिवसांनी शांत होईल. आज विरोध केला तर मुद्रा माझ्याकडून जाईल आणि माझ्याहून वाईट माणसाच्या हाती पडेल. शहाणी माणसे असाच विचार करतात, आणि अन्यायाला त्यांच्याइतकी मदत दुसऱ्या कोणाची होत नाही.

"महाराजांची इच्छा," तो म्हणाला, आणि त्याने आज्ञेवर मुद्रा उठवली.

राजा चार दिवसांनी शांत झाला नाही. पौर्णिमेच्या आत त्या सगळ्या कुटुंबांनी सामान बांधले. नगराने रीत सोडली नाही. प्रत्येकाला विडा दिला आणि वेशीपर्यंत पोचवले.

निघण्यापूर्वी नाहीदा बोधिसत्त्वाच्या घरी आली. तो तिच्याकडे पाहू शकला नाही. ती म्हणाली, "अमात्य, दोनच गोष्टी. दर अमावास्येला कोणीतरी आत उतरून गाळ काढायचा. आणि झरोके झाकायचे नाहीत. लोकांना वाटतं, त्या विहिरी आहेत. ती बोगद्याची नाकं आहेत."

"मी सभेत सांगेन," बोधिसत्त्व म्हणाला.

त्याने सांगितले. एकदाच, आणि हळू आवाजात.

त्या झरोक्यांत गुरे पडतील म्हणून वृषकाने पुढाकार घेतला. प्रत्येक झरोक्यावर एकेक नक्षीदार शिळा बसवण्यात आली आणि तिच्यावर ती देणाऱ्या घराण्याचे नाव कोरण्यात आले. लोकांनी शिळांना फुले वाहिली. आत हवा कोंडली. गाळ काढायला दोन जण उतरले, त्यांना भोवळ आली आणि कसेबसे वर ओढून काढावे लागले. त्यानंतर कोणी उतरले नाही. गाळ साचत गेला, तुंबलेल्या पाण्याने बोगद्याच्या छताची माती भिजून खचली आणि ऐन वैशाखात चौकातले कुंड कोरडे पडले. बायका पुन्हा दोन कोस चालू लागल्या. नदीही आटत आली होती.

राजाने बोधिसत्त्वाला बोलावले. "ज्यांना बोगद्याचं काम येतं तेवढ्यांना परत आणा. बाकीच्यांना कुठून खायला घालणार?"

बोधिसत्त्वाने तशीच आज्ञा लिहिली, तिच्यावर मुद्रा उठवली आणि ती घेऊन तो स्वतः निघाला. आपण स्वतः जातो आहोत, याचे त्याला थोडे समाधानही वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सीमेपलीकडे, एका कोरड्या ओढ्याच्या काठी, त्याला त्यांची पाले दिसली. पालांच्या मागे मातीचे तीन नवे उंचवटे होते. नाहीदा बाहेर आली. तिने त्याला सावलीत बसवले आणि पाणी दिले. एका पालातून खोकण्याचा आणि बडबडण्याचा आवाज येत होता.

"तो तिराजक," नाहीदा म्हणाली. "आमटीत मीठ कमी आहे म्हणून सकाळपासून रुसलाय. बोला अमात्य, काय आणलंत?"

बोधिसत्त्वाने आज्ञा वाचून दाखवली. माणसे गोळा झाली होती.

"काम येणारे अठरा जण आहेत," नाहीदा म्हणाली. "माझं विचाराल तर गुडघे गेलेत, पण वर बसून सांगू शकते. एकोणीस धरा. आता या तिराजकबाबाचं काय?"

"त्यांना काय काम येतं?"

"काही नाही. तीस वर्षांत त्याने एक टोपली उचलली नाही. पहिल्या दिवशीच म्हणाला, माझी पाठ दुखते. अजून दुखते आहे."

पालातून आवाज आला, "दुखतेच आहे."

दोघेचौघे हसले. नाहीदा हसली नाही. "त्याला जागा आहे का तुमच्या नगरात?"

बोधिसत्त्वाने हातातल्या आज्ञेकडे पाहिले. तिच्यात तिराजकाला जागा नव्हती. गुडघे गेलेल्यांना नव्हती, तान्ह्या मुलांना नव्हती, भांडी घडवणाऱ्यांना नव्हती, ओढ्याकाठच्या त्या तीन उंचवट्यांनाही नव्हती. आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिली होती. त्याचे कान तापले. त्याला वाटले, या बाईने रागवावे, शिव्या द्याव्यात. म्हणजे निदान उत्तर तरी देता येईल.

"नाही," तो म्हणाला. "नगरात जागा नाही. आणि ही आज्ञा मीच लिहिली. आधीच्या आज्ञेवरही मुद्रा मीच उठवली होती."

"ठाऊक आहे," नाहीदा म्हणाली. "मुद्रा ओळखता येते." मग ती म्हणाली, "अमात्य, पाण्याला अट नसते. अठरा जण उद्या निघतील. बोगदा मोकळा करतील आणि इथे परत येतील. पाहुण्यांनी असंच वागावं ना?"

नाहीदेला घेऊन ते आले. शिळा उचलून बाजूला ठेवल्या गेल्या. आत हवा फिरली का हे पाहायला दिवा सोडून, तो विझत नाही अशी खात्री करून ते उतरले. नाहीदा एका झरोक्याशी बसून वरून सूचना देत होती. लोक भोवती उभे राहून पाहत होते. एकोणिसाव्या दिवशी कुंडात आधी लाल, मग गढूळ, मग निवळ पाणी आले. लोक घागरी घेऊन धावले. ते अठरा जण दोर गुंडाळू लागले.

बोधिसत्त्व तडक सभेत गेला. राजा प्रसन्न होता. "अमात्य, त्यांची मागणी काय आहे? मागतील ते देऊ."

"त्यांची काही मागणी नाही, महाराज. ते वेशीकडे निघाले आहेत."

"मग त्या एकोणीस जणांना बक्षीस म्हणून जमीन द्या. राहू देत इथे."

"बक्षीस नको," बोधिसत्त्व म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच सभेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "बक्षीस द्यायचे तर प्रत्येकाला विचारावे लागेल, की तू आमच्या काय उपयोगाचा? मी तसे विचारून आलो आहे. त्यांच्यात तिराजक नावाचा एक म्हातारा आहे. त्याच्याविषयी मी विचारले."

"तो काय करतो?" राजाने विचारले.

"काही करत नाही, महाराज. जेवतो आणि मीठ कमी आहे म्हणतो. असे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांना राहण्याचे कारण कोणी विचारत नाही."

सभेत कोणीतरी हसले. वृषक म्हणाला, "पण अमात्य, रीत आहे. आपण त्यांना कधी कमी मान दिला का?"

"पहिले पान दिले, शेठ. पण घर दिले नाही. मान देऊन आपण त्यांना तीस वर्षे दाराशी बसवले, आणि मलाही तो चांगुलपणाच वाटत होता." बोधिसत्त्वाने मुद्रा काढून राजासमोर ठेवली. "त्या दिवशी आपण मला विचारलेत आणि मी गप्प राहिलो. ओढ्याकाठी त्यांचे तिघे मेले. रागात आज्ञा देणारा एक वेळ चुकला असे म्हणता येईल. मला चूक दिसत होती, तरी माझ्या हाताने ती झाली. या हातात मुद्रा शोभत नाही. मी त्यांच्याबरोबर चाललो. त्यांना इथे घर असेल तर मलाही असेल."

तो बाहेर पडला. राजाने मुद्रा हातात घेतली. मग उठला आणि छत्र न घेता, पायीच वेशीकडे निघाला. त्याच्यामागून सभा निघाली आणि शेवटी वृषकही निघाला.

वेशीपाशी राजाने नाहीदेला हात जोडले. "आई," तो म्हणाला, "सगळ्यांना घेऊन या. तुमची घरं तुमच्या नावे होतील. सभेत बसा. तुमचे मृत इथल्या मातीत येऊ देत."

अठरा जण तिच्याकडे पाहत होते. "येऊ," ती म्हणाली. "पण आम्हाला पहिलं वाढू नका. आम्हाला वाढायला बोलवा."

कुटुंबे परत आली. वर्षाअखेरच्या उत्सवात त्यांच्या बायका-पुरुषांनी कंबर कसून नगराला जेवू घातले. वृषकाच्या पानात नाहीदेने स्वतः वाढले, तेव्हा वृषकाची मान खाली होती. तिराजक पंगतीत बसून कुरकुरला तेव्हा शेजारचा तेली वैतागून म्हणाला, "मग उठून मीठ घेऊन या की, बाबा." तीस वर्षांत त्याला असे कोणी बोलले नव्हते. तो चकित झाला आणि उठला.

राजाने मुद्रा बोधिसत्त्वाला परत दिली. ती हातात धरताना त्याला जन्मभर लाज वाटत राहिली, आणि त्या लाजेमुळे चूक दिसत असताना त्याने पुन्हा कधी ती उठवली नाही. ओढ्याकाठचे ते तिघे मात्र सीमेपलीकडेच राहिले. कोणत्याही आज्ञेने ते परत येण्यासारखे नव्हते.

विहारात एका परदेशी भिक्षूचे नाव चार वर्षांनंतरही आगंतुकांच्या यादीतच ठेवले जाते, असे कानी आल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगितली आणि तिचा मेळ घातला: "त्या वेळचा राजा म्हणजे आज या विहाराला जमीन देणारा उपासक. वृषक श्रेष्ठी म्हणजे ती यादी ठेवणारा आपला ज्येष्ठ भिक्षू, हा स्थविर. नाहीदा म्हणजे तो परदेशी भिक्षू. आणि गप्प राहिलेला अमात्य मीच होतो." तिराजक कोण होता, असे कोणी विचारले तेव्हा शास्ते म्हणाले, "त्याला शोधू नका. त्याला जागा मिळाली, एवढे पुरे."

स्थविराची नजर जमिनीकडे गेली. शास्ते त्याला म्हणाले, "ती नजर लवकर वर उचलू नकोस. तिचे नाव ह्री. ही लाज दाराबाहेरच्या माणसाला पाहून वाटते, आणि ज्याला ती वाटते त्याच्याच हातून दार उघडते."